मुठीत धरायची राहिलेली नळी

देवजी, गेल्या आठवड्यात मी डहाणूच्या बाजारात मटणाच्या दुकानासमोर उभी राहिले आणि बकऱ्याचा भेजा मागितला. मी. जिच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही ती, तुला बारावीला शिकवलेली बाई. दुकानदाराने मला ओळखलं, त्याची मुलगी आपल्याच कॉलेजात आहे. त्याने जास्त काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "सर न्यायचे तसाच ना? आख्खा, न धुतलेला?" मी मान हलवली. त्याने दोन पिशव्यांत बांधून दिला आणि हात पुसता पुसता म्हणाला, "सर गेले ते ऐकलं." तेवढ्यावर माझा धीर सुटला. भर सकाळी, मटणाच्या दुकानासमोर, तोंडाला पदर लावून मी रडले, आणि मागची माणसं आपापल्या पिशव्या धरून थांबून राहिली.

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. सुमनचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. तुझी बायको एरवी मला कधी फोन करत नाही, म्हणून उचलला. छातीत दुखायला लागलं म्हणून तुला पाड्यावरून जीपमध्ये घातलं होतं. जीप कासाच्या सरकारी दवाखान्यापर्यंत पोचली, तू नाही पोचलास. एक्केचाळीस वर्षांचा माणूस. मी तुझ्याहून सोळा वर्षांनी मोठी, रक्तदाबाच्या गोळ्या मी घेते, जिना चढताना धाप मला लागते, आणि तू दोन दोन पायऱ्या एकदम चढत वर जाऊन मला हसायचास. मला तुझा राग आलाय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी तुझ्यावर रागावल्याशिवाय कधी राहिले होते?

बारावीत तू माझ्या वर्गात होतास तेव्हाही रागवायचे. तलासरीच्या पलीकडून, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरून तू पहिल्या एसटीने यायचास आणि प्रॅक्टिकलला बरोबर दहा मिनिटं उशीर करायचास. तुझ्या जीवशास्त्राच्या जर्नलवर मी लाल शाईने तीनदा 'पुन्हा करा' लिहिलं होतं. चौथ्यांदा तू आणलंस तेव्हा मी रजेवर होते, आणि शेवटच्या पानावर माझी सही राहिली ती राहिलीच. पुढे मुंबईला जाऊन तू रसायनशास्त्रात शिकलास, पेशीच्या पटलांवर काम केलंस, पीएचडी केलीस, आणि दोन हजार चौदा साली आपल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आलास. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर हात जोडून म्हणालास, "बाई, माझं जर्नल अजून तुमच्याकडे सहीला पडलंय." पाच वर्षांत हे वाक्य तू मला किती वेळा ऐकवलंस ते तुलाच माहीत. मी म्हणायचे, आधी प्रयोग नीट कर, मग सही.

तुझं वेड मला आधी कळलंच नाही. मी पटल शिकवते ते पुस्तकात आहे तसं: चरबीच्या रेणूंची दुहेरी भिंत, मधे मधे प्रोटीन, झालं. मुलं आकृती काढतात, मी मार्क देते. तू पहिल्याच आठवड्यात कँटीनमधून चहाचे बारा रिकामे ग्लास उचलून आणलेस आणि स्टाफरूमच्या टेबलावर आडवे लावायला लागलास, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. ग्लास बुडाला निमुळता, तोंडाला रुंद, त्यामुळे ओळ सरळ राहीना, वाकत वाकत अर्धं वर्तुळ झालं. मग त्यांच्या शेजारी तू खडूची ओळ लावलीस. खडू बुडाला आणि टोकाला सारखा, ती ओळ सरळच. "बाई, चरबीचे रेणू पण असेच. काही खडू, काही ग्लास. भिंतीत खडू जास्त असले तर भिंत सपाट. ग्लास जास्त झाले तर भिंतीला वाकायची घाई. आणि वाकल्याशिवाय दोन भिंती एकमेकींत मिळत नाहीत." तेवढ्यात कँटीनवाला ग्लास शोधत आला आणि तुझा सिद्धांत उचलून घेऊन गेला. मी हसून हसून बेजार झाले, पण दुसऱ्या दिवशी वर्गात मी खडू आणि ग्लास नेले. तुला सांगितलं नाही.

तुझ्या घरी पहिल्यांदा आले ती त्याच वर्षीच्या पौषात. तुझ्या आईने नाचणीची भाकरी केली होती आणि भाजीला मोहाच्या बियांचं तेल घातलं होतं. तेलाची बाटली चुलीपासून लांब, भिंतीतल्या कोनाड्यात होती. तिने ती उलटी केली तरी थेंब पडेना. आतलं तेल पांढुरकं होऊन बसलं होतं. तिने बाटली मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि माझ्याशी बोलत बसली. किती मुलं तुम्हाला, सून कशी आहे, सगळं विचारून होईपर्यंत तेल सुटलं. तू मला कोपराने ढोसलंस. "बघितलं? माझा विषय मला मुंबईत नाही मिळाला बाई. हा इथं मिळाला." मग मला परत सोडायला येताना जीपमध्ये, इतर माणसं ऐकत असताना, तू मला समजावत होतास की चरबीच्या शेपट्या सरळ असल्या की एकमेकींना चिकटून बसतात आणि थोड्या गारठ्यातही गोठतात, शेपटीत वाक असला की नीट बसता येत नाही, म्हणून ती चरबी पातळ राहते. पेशीच्या भिंतीचंही तेच. थंडीत भिंत गोठली की ती ना वाकते, ना कुणात मिळते. जीपमधली एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, आमचे गुडघे पन तसेच." तू तिला अगदी गंभीरपणे म्हणालास, "हो आजी, बरोबर."

आणि चिकू. ती आठवण काढून तू मला किती छळलंस. भावाच्या झाई गावातल्या वाडीतले कच्चे चिकू मी फ्रिजमध्ये ठेवले होते, नासू नयेत म्हणून. पंधरा दिवसांनी बाहेर काढले तर दगडासारखे. मग पिकायला ठेवले तर पिकेनात, आतून नुसते डाग. मी ते स्टाफरूममध्ये आणून सगळ्यांना दाखवले, की बघा भावाने कसले चिकू दिले. तू एक कापलास आणि म्हणालास, "कच्चा चिकू फ्रिजमध्ये ठेवायचा नाही हे डहाणूत शेंबड्या पोरालाही माहीत आहे बाई. त्याच्या भिंती गोठल्या. एकदा गोठून फुटल्या की मागून कितीही ऊब दिलीत तरी उपयोग नाही." मी म्हटलं, जीवशास्त्र मी शिकवते की तू? तू म्हणालास, "तुम्हीच. म्हणून तर सांगतोय."

आपलं खरं भांडण मात्र वेगळंच होतं. मी म्हणायचे, दोन पेशींच्या भिंती मिळतात त्या प्रोटीनमुळे. प्रोटीन त्यांना ओढतात, जवळ आणतात, धरून ठेवतात. चरबी बिचारी तिथं नुसती असते. तू म्हणायचास, प्रोटीन मांडव घालतात, पण लग्न लागतं चरबीचंच. कुठली चरबी, किती, कुठल्या आकाराची आणि किती गरम, त्यावर ठरतं मिळायचं की नाही. मी म्हणायचे, सिद्ध कर. आणि तू खरंच मनावर घेतलंस.

कशाने सिद्ध करणार होतास? आपल्या कॉलेजात धड तराजू नाही. तू मटणाच्या दुकानातून भेजा आणायचास, अंड्यांचे बलक काढायचास, क्लोरोफॉर्म, ॲसिटोन, अल्कोहोल असं एकेक वापरून त्यातल्या चरब्या वेगळ्या करायचास. प्रयोगशाळेत असा वास सुटायचा की माझी मुलं नाकाला रुमाल लावून स्लाइड बघायची. बलकातले खडू, भेज्यातले ग्लास, असं तू त्यांना नाव दिलं होतंस. मग दोन्ही हव्या त्या प्रमाणात मिसळून, पाण्यात ढवळून, ते धूसर पाणी नळ्यांत भरून तू बाजारातल्या सोनाराकडे जायचास. त्याच्याकडे दागिने धुवायचं यंत्र होतं, पाणी थरथरवणारं. बायका बांगड्या धुवायला देत होत्या आणि तू त्यांच्या मागे रांगेत भेज्याच्या नळ्या घेऊन उभा. थरथरून थरथरून त्या पाण्यात चरबीचे इवले इवले फुगे व्हायचे, डोळ्यांना न दिसणारे, आणि पाणी जवळजवळ स्वच्छ व्हायचं. प्रत्येक फुगा म्हणजे एक छोटी पेशी, आत काही नसलेली. नुसती भिंत.

पहिला प्रयोग तू मला मोठ्या ऐटीत दाखवलास. नळीत कॅल्शियमचे दोन थेंब टाकलेस आणि पाणी दुधाळ झालं. "मिळाले! फुगे एकमेकांत मिळून मोठे झाले, म्हणून गढूळ." मी चष्मा लावला आणि म्हटलं, "कशावरून? नुसते चिकटले असतील. चिकटणं वेगळं, एकजीव होणं वेगळं." तू डोकं खाजवलंस. मग तूच उपाय काढलास. ईडीटीए घालायचं, ते कॅल्शियमला उचलून नेतं. फुगे नुसते चिकटलेले असतील तर कॅल्शियम गेल्यावर सुटे होतील आणि पाणी पुन्हा स्वच्छ होईल. एकजीव झाले असतील तर काही केल्या सुटे होणार नाहीत, पाणी गढूळच राहील. ईडीटीए घातलंस. बघता बघता पाणी स्वच्छ. मी टाळी वाजवली. तू हरलास आणि इतका खूश झालास, की मला कळेना कोण जिंकलंय. "खडू जास्त झाले," म्हणालास. "आता ग्लास वाढवतो."

दोन हिवाळे तू ग्लास वाढवत राहिलास. मला येऊन सांगायचास, आज अर्धे सुटले, आज पाऊण. मी म्हणायचे, अर्धवट काही मला दाखवू नकोस. मग दोन हजार अठराच्या जानेवारीत तू आलास आणि शांतपणे म्हणालास, "बाई, झालं. पण एकच. नळी फ्रिजमधून काढली की आधी वीस मिनिटं मुठीत धरायची. अंगाएवढी ऊब लागली की मगच कॅल्शियम. थंड असली तर भिंती गोठलेल्या असतात, मिळणार नाहीत." मी म्हटलं, ऐकलं. आणि मी खरंच ऐकलं होतं देवजी. हे लिहिताना मला स्वतःला सूट द्यायची नाही.

विद्यापीठाच्या संशोधन संमेलनाला त्या वर्षी कॉलेजातून एकच प्रकल्प जाणार होता. निवड करायला प्राचार्य, गणिताचे सर आणि मी. दोनच प्रकल्प उरले होते. एक तुझा. दुसरा माझ्याच विद्यार्थिनीचा, झाईच्या खाडीतल्या खारफुटीवर, मीच करून घेतलेला. तुझ्या नळ्या माझ्या विभागाच्या फ्रिजमध्ये होत्या, तुमच्या विभागाकडे फ्रिज नव्हता म्हणून. तिसऱ्या वर्षाची मुलं जमली, प्राचार्य आले आणि नेमकं तुला ऑफिसातून बोलावणं आलं, कसल्याशा हजेरीच्या कागदावर सही हवी होती. पाच मिनिटांत येतो म्हणालास. प्राचार्य घड्याळ बघायला लागले. मी म्हटलं, मला येतं हे, मी करते.

मी फ्रिज उघडला, नळी काढली, कॅल्शियम टाकलं. पाणी गढूळ. ईडीटीए टाकलं. पाणी स्वच्छ. तेवढ्यात तू दारात आलास. मी नळी उजेडाकडे धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, चिकटले होते, मिळाले नव्हते. देवजी, पुन्हा करा." बारावीतला शेरा. मुलं हसली, मीही हसले. तू नळीकडे बघितलंस. मग फ्रिजकडे बघितलंस, त्याचं दार मी नीट लावलं नव्हतं. मग माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "हो बाई." खारफुटीचा प्रकल्प गेला. तू माझ्या त्या मुलीला पोस्टर चिकटवायला मदत केलीस, आणि मला एकदाही विचारलं नाहीस की मुठीत धरली होती का.

त्यानंतरही आपण भांडत राहिलो, पण तू त्या नळ्यांचा विषय काढायचा बंद केलास. मला वाटलं, हरल्यावर माणूस गप्प बसतो तसा बसलास. खरं सांगू? मला जरा बरंही वाटलं. त्या वर्षाअखेर भूकंपाचे धक्के सुरू झाले, तुमच्या पाड्यावर माणसं अंगणात झोपायला लागली, आणि एका दुपारी वर्गात खिडक्या खडखडल्या तेव्हा सगळे मैदानाकडे पळाले. तू उलट्या दिशेने प्रयोगशाळेत गेलास. मागून मी बघायला आले तर तू सुतळीने तुझ्या नळ्यांचा स्टँड टेबलाला बांधत होतास. मी म्हटलं, "अजून करतोस हे? बघ, धक्क्याने तरी मिळतात का तुझे फुगे." तू सुतळीची गाठ मारलीस आणि हसलास. आज ते हसू माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

बाराव्याला मी पाड्यावर आले. सुमन कोपऱ्यात बसली होती, मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तुझ्या आईने मला पाणी दिलं. मग आत गेली आणि एक जाड वही घेऊन आली, तपकिरी पुठ्ठ्याची, कडा भेज्याच्या चरबीने तेलकट झालेल्या. "ही तुमची," म्हणाली. मी म्हटलं, माझी नाही आई, देवजीची आहे. ती म्हणाली, "तो बोलायचा, ही बाईंना द्यायची हाय. कवा द्यायची ते काय बोलला नाय." तिने ती माझ्या मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसली. तशीच बसली होती ती एकदा, तेलाची बाटली घेऊन. मला वही लगेच उघडता आली नाही.

घरी येऊन उघडली. जानेवारीतलं ते पान लगेच सापडलं. तुझं ते बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. "आज निवड झाली. बाईंनी नळी फ्रिजमधून काढून लगेच वापरली. मुठीत धरायची राहिली." पुढे काही नाही. न रागाचा शब्द, न चिडीचा. दुसऱ्या दिवसाचं पान: "त्याच मिश्रणाची दुसरी नळी. वीस मिनिटं मुठीत. कॅल्शियम, गढूळ. ईडीटीए, गढूळच. बाईंना सांगायचं?" आठवड्याने पुन्हा तोच प्रयोग. गढूळच. "बाईंना सांगायचं?" महिन्याने पुन्हा. पावसाळ्यात पुन्हा. धक्के सुरू झाल्यावर पुन्हा. प्रत्येक पानाच्या तळाशी तोच प्रश्न, तेच प्रश्नचिन्ह. एका ठिकाणी खाली लिहिलंयस, "मुलांसमोर नको. बाईंनी शिकवलंय मला." आणि या दिवाळीनंतरच्या शेवटच्या पानावर प्रश्न नाही. नुसतं, "बाईंना कळेल."

मला कसं कळणार होतं देवजी? दोन वर्षं तू माझ्यासमोर रोज चहा प्यायलास. एकदा तरी कानात सांगायचं होतंस, बाई, चुकलात. मी काय केलं असतं? आधी भडकले असते, हे खरं. दोन दिवस बोलले नसते. मग तिसऱ्या दिवशी आले असते, शप्पथ आले असते. की नसते? ते न आजमावताच तू गेलास आणि मला हे कायमचं न कळलेलं ठेवून गेलास. तुझं ते पोस्टर, तुझं ते संमेलन, तीन हिवाळ्यांची मेहनत, माझ्या घाईने आणि माझ्या तोऱ्याने गेली. आणि तू माझी अब्रू सांभाळत बसलास. असली शिष्यगिरी तुला कुणी शिकवली? मी नाही शिकवली.

म्हणून गेल्या आठवड्यात भेजा आणला. तुझ्या वहीतलं बघून बघून केलं सगळं. चार दिवस लागले, दोनदा वाया गेलं, हाताला वास अजून आहे. घरच्यांनी मला गच्चीवर जेवायला लावलं. सोनाराकडे नळ्या घेऊन गेले तर तो यंत्र सुरू करता करता म्हणाला, "बेन, सर केम नथी आव्या?" सर का आले नाहीत, ते त्याला कळलंच नव्हतं. मी सांगितलं. त्याने यंत्र बंद केलं, बांगड्या घेऊन आलेल्या बाईला बाजूला बसवलं, पाणी ओतून नवीन भरलं आणि मग माझ्या नळ्या आत सोडल्या. तो म्हणाला, सर नेहमी सांगायचे, शेठ, आमच्या बाई एक दिवस येतील बघायला. मी मान खाली घालून पाण्याची थरथर बघत उभी राहिले.

काल तिसऱ्या वर्षाचा वर्ग घेतला. त्याच टेबलावर. फ्रिजमधून दोन नळ्या काढल्या. एक बर्फाच्या पाण्यात उभी केली. दुसरी मुठीत धरली. वीस मिनिटं फार असतात देवजी. मुलं चुळबुळ करायला लागली तेव्हा मी त्यांना सांगितलं, दोन वर्षांपूर्वी इथं एक प्रयोग झाला, तुमच्या सरांचा. तो मी चुकवला. सरांनी सांगितलेली एक गोष्ट मी केली नाही, आणि निकाल मात्र मोठ्याने दिला. सरांचं बरोबर होतं. सर ते कुणाला बोलले नाहीत, म्हणून मी बोलतेय. कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरची मुलगी खाली बघायला लागली. माझी मूठ दुखायला लागली होती, पण आत नळी कोमट झालेली मला जाणवत होती.

कॅल्शियम टाकलं. दोन्ही नळ्या गढूळ. ईडीटीए टाकलं. थंड नळी हळूहळू स्वच्छ झाली, तिच्यातून भिंतीवरच्या तक्त्याची अक्षरं दिसायला लागली. माझ्या मुठीतली गढूळच राहिली. मी हलवली, उजेडाकडे धरली, पुन्हा ईडीटीए टाकलं. गढूळच. मी मुलांकडे पाठ केली आणि फळा पुसायला लागले. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

प्राचार्यांना भेटले. ते म्हणाले, मॅडम, आता त्याचा काय उपयोग. मी त्यांना म्हटलं, उपयोगाचं तुम्ही बघा, यंदाच्या संमेलनाला हे जाणार आहे आणि वर देवजीचंच नाव राहील, माझं कुठंही नको. ते हो म्हणाले. मी इतक्या मोठ्याने बोलले होते की त्यांना दुसरं काही म्हणता आलं नसतं. पोस्टर तिसऱ्या वर्षाची मुलं करताहेत. खडू आणि ग्लास काढलेत त्यांनी. छान काढलेत.

प्रोटीनचं मात्र मी अजून ऐकणार नाही, हे सांगून ठेवते. नुसत्या फुग्यांत चरबी ठरवत असेल, जिवंत पेशीत कुणीतरी दोघांना आधी जवळ आणावं लागतं, त्याशिवाय काही होत नाही. यावर तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे. मी तुझ्या वतीने बोलून बघितलं घरी, पण तुझ्यासारखं कोपराने ढोसता येत नाही स्वतःला.

आज दुपारी स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. मी तुझी वही काढली. शेवटचं पान उघडलं आणि तुझ्या त्या ओळीखाली कालचा प्रयोग लिहिला, दोन्ही नळ्यांचा, तुझ्या पद्धतीने. मग लाल पेन घेतलं. "तपासले. प्रयोग बरोबर आहे. चूक तपासणाऱ्याची." खाली पूर्ण नावाची सही केली, तारीख टाकली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. वही मिटली, आणि सवयीने तुला परत द्यायला हात पुढे केला.